स्वागताची रांग

मॅडम : मान सरळ. हनुवटी नको उचलूस, मान. आपल्याला पाहुण्याकडे बघायचंय, छताकडे नाही.

भाची : अशी?

मॅडम : हां, अशी. आणि हा अंबाडा काय बांधलायस? एका बाजूला कललाय बघ आरशात.

भाची : मधोमधच बांधला होता मॅडम. टिकतच नाही. आकडा रुतायला केस तर हवेत ना.

आत्या : काही ऐकू नका तिचं. माझ्या सख्ख्या भावाची पोर आहे. लहानपणी हिच्या दोन वेण्या घालता घालता माझे हात भरून यायचे.

भाची : तेव्हाचं सांगतेस गं आत्या. आज सकाळी कंगव्यात केवढा पुंजका आला, दाखवला ना तुला?

आत्या : पाणी जड आहे इथलं. सगळ्यांचेच जातात. मॅडम, तुमचा तो स्पंजचा गोल घाला की आत, वरून जाळी बसवा. संध्याकाळी हॉटेलचे मालक पाहुणे घेऊन येतायत, ते काय अंबाडा सोडून बघणारेत?

मॅडम : गोल संपले, आत्या. पिशवीतले सगळे आजच संपले. मागच्या खेपेला आले होते तेव्हा एकही लागला नव्हता. ह्याच मुली, हीच डोकी.

आत्या : म्हणजे बघा, तुमचा धंदा वाढला!

मॅडम : हात पुढे कर गं. पालथे. नखांना गुलाबी रंग कशाला? आपला नियम काय?

भाची : बिनरंगाचं नेलपॉलिश, नाहीतर काहीच नाही.

मॅडम : मग?

भाची : आत्यानेच सांगितलं लाव म्हणून.

आत्या : अगं भवाने, लगेच नाव घेतलंस! मॅडम, हातमोजे घालायचेत वरून, कोणाला दिसतंय? खाली नखं पांढरट दिसतात पोरींची, बरं नाही वाटत.

मॅडम : हा कापूस घे. पूस सगळं.

भाची : दहाही?

मॅडम : दहाही. आणि उजेडात ये, ह्या दिव्याखाली. अंगठा दे.

भाची : टोचतंय काहीतरी, मॅडम.

मॅडम : मी नुसतं धरलंय. दाबलंसुद्धा नाही.

भाची : हल्ली असंच होतं. पायांना तर चादरही सहन होत नाही. तळवे पेटल्यासारखे होतात. शिडीला पण आधी हेच झालं होतं.

मॅडम : शिडी म्हणजे ती उंच मुलगी? मागच्या खेपेला रांगेत पहिली उभी होती ती?

भाची : तीच. आम्ही दोघी एका खोलीत राहतो. ती दवाखान्यात आहे, म्हणून तर आज तिच्या जागी मला उभं करतायत.

आत्या : आणि आज नीट उभी राहिलीस तर पुढच्या महिन्यापासून काउंटर. मॅनेजरसाहेबांनी मला शब्द दिलाय. म्हणून म्हणते, दुखणी नंतर सांग.

मॅडम : काय झालंय शिडीला?

भाची : डॉक्टरांनाच कळत नाहीये. आधी पोट, मग पाय, मग केस गेले सगळे. काल मी गेले होते तर चमचा धरता येत नव्हता तिला. मी भरवलं. हसून म्हणते कशी, आता जाळीचा खर्च वाचला. आज सकाळी तिच्या आईचा फोन होता. श्वास घ्यायलाच जड जातंय म्हणे.

आत्या : होईल बरी. तरणी पोर आहे.

मॅडम : आत्या, इकडे या जरा. ही नखं बघा.

आत्या : बघितलीत. कॅल्शियम कमी पडतं. गोळ्या आणून दिल्यात मी सगळ्यांना, माझ्या पैशाने.

मॅडम : त्याचे ठिपके असतात, ते कुठेही येतात. आणि मार लागला तर एखाद्या नखावर डाग पडतो. ही रेघ आहे. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी, आणि दहाही बोटांना सारख्याच उंचीवर.

भाची : दोन आहेत, मॅडम. मुळाशी अजून एक येतेय.

मॅडम : हो. दोन.

आत्या : मग त्याचं काय?

मॅडम : नख मुळाशी तयार होतं आणि पुढे सरकत राहतं. मुळाला इजा झाली की तिथे खूण पडते, आणि ती खूणही नखाबरोबर पुढे जाते. ही वरची रेघ साधारण दोन महिन्यांपूर्वीची, खालची त्यानंतरची. सकाळपासून ज्या मुलींच्या नखांवर रेघा बघितल्या, त्या सगळ्यांच्या ह्याच उंचीला आहेत.

भाची : म्हणजे?

मॅडम : म्हणजे तुम्हा सगळ्यांना जे काही झालं, ते एकाच वेळी झालं. आणि मग पुन्हा एकदा झालं.

आत्या : मॅडम, तुम्हाला केस आणि नखं बघायला बोलावलंय. पोरींना घाबरवायला नाही.

मॅडम : नखंच तर बघतेय, आत्या. मी ह्या कामात यायच्या आधी प्रयोगशाळेत होते. औषधांच्या कंपनीत. रसायनं हाताळणाऱ्यांची नखं आम्ही दर आठवड्याला बघायचो. ही सवय तेव्हाची आहे. धोबीखान्यातल्या मुलींची नखं स्वच्छ आहेत. आचारी, भांडीवाले, सगळे स्वच्छ. जेवता सगळे एकाच भटारखान्यात ना?

भाची : एकाच. एकाच पिंपातलं पाणी पितो.

मॅडम : मग रेघा फक्त रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलींनाच का? रांगेतल्या मुली असं काय करतात जे बाकीचे करत नाहीत?

भाची : काही नाही. मालक येतात तेव्हा दाराशी उभं राहायचं, मोजे घालून, हात असे छातीशी. गाड्या यायला उशीर झाला की दोन-दोन तास. घामाने आतून निथळतात मोजे. मालकांना सुती चालत नाहीत, ढगळ दिसतात म्हणून. ते रबरासारखे घट्ट.

मॅडम : आणि शिडी?

भाची : ती रांगेत पण असायची, आणि तिला लिफ्टवर ठेवलं होतं. उंच, देखणी म्हणून. लिफ्टवर रोज मोजे घालावे लागतात.

मॅडम : रोज.

भाची : हो.

मॅडम : ते घट्ट मोजे चढतात कसे?

भाची : पावडर असते ना आत. आत्या घालून ठेवते. तो काय ट्रे, आजचे सकाळीच तयार झालेत.

मॅडम : हात लावू नकोस. नुसतं दाखव. आत्या, ही पावडर कुठली?

आत्या : कुठली म्हणजे? पावडर ती पावडर. अंगाला लावतो ती.

मॅडम : वास नाही तिला.

आत्या : स्वस्तातली असेल. मी काय विकत आणायला जाते? तुम्ही बसा, मी चहाचं सांगून येते. सकाळपासून उभ्या आहात, घसा कोरडा पडला असेल.

मॅडम : चहा नको मला.

आत्या : असं कसं? आलेच मी.

(आत्या घाईने बाहेर पडते. जिन्यावर खाली जाणारी पावलं.)

मॅडम : भटारखाना वर आहे ना?

भाची : हो. खाली कोठी आहे. आत्याचं असंच, एक काम करायला निघते आणि वाटेत दुसरं आठवतं.

मॅडम : कोठीत काय असतं?

भाची : साबण, फिनेल, खराटे, उंदरांचं औषध. पावडरचा डबा पण तिथलाच. आधी बाजारातून यायची, छान वासाची. मग दोनेक महिन्यांपूर्वी साहेबांनी खर्च कमी करायला सांगितला तेव्हा आत्या म्हणाली, वरच्या फळीवर एक डबा भरलेला पडलाय, वर्षभर पुरेल. निळ्या झाकणाचा. वर फुलांचं चित्र आहे, पावडरचंच.

मॅडम : तो तिथे कोणी ठेवला होता?

भाची : कोठीवाल्या आजोबांनी असेल. ते काही फेकायचे नाहीत. रिकामा डबा दिसला की धुऊन त्यात काहीतरी भरून ठेवायचे. कॉफीच्या डब्यात खिळे, बिस्किटांच्या डब्यात सोडा. नाव कशावरच नाही. त्यांना विचारायचं, ते डोळे मिटून सांगायचे कशात काय आहे. आता ते गेले.

मॅडम : वारले?

भाची : नाही हो! मुलाकडे राहायला गेले. पण ऐकू येत नाही त्यांना, फोनवर काही विचारायची सोय नाही.

मॅडम : आणि उंदरांचं औषध कशात भरायचे?

भाची : ते... मी नाही कधी बघितलं, मॅडम. पांढरी पूड असायची एवढं माहितीये. पिठात कालवून ठेवायचे. खूप जुनं होतं, आता तसलं मिळत नाही म्हणून सांभाळून वापरायचे. म्हणायचे, ह्याला वास नाही की चव नाही, उंदराला पत्ताच लागत नाही.

मॅडम : खाली बस तू. तिथे नको, ह्या खुर्चीवर. त्या ट्रेपासून लांब.

भाची : मॅडम, तुमचा चेहरा असा का झालाय?

मॅडम : मला शिडीच्या डॉक्टरांशी बोलायचंय. नंबर आहे?

भाची : तिच्या आईचा आहे. त्या डॉक्टरांना देतील. लावते.

मॅडम : लाव. आणि हे बघ, तुला आत्ता काही होणार नाही. तू चालतेस, बोलतेस. ह्यावर औषध आहे. निळ्या रंगाचं असतं, ते पोटात गेलं की विष बाहेर काढतं. पण काय शोधायचं ते डॉक्टरांना कळायला हवं. नेहमीच्या तपासण्यांत हे दिसत नाही.

भाची : विष?

मॅडम : फोन दे. हॅलो? हो, मी हॉटेलमधून बोलतेय. डॉक्टरांना द्याल का? तातडीचं आहे. ...डॉक्टर, ती उंच मुलगी, केस गेलेत, पायांची आग होते, तिच्या नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा आहेत का, बघता? ...हो, थांबते. ...आहेत ना? इथे अजून बऱ्याच मुलींना आहेत. मला थॅलियमचा संशय आहे. ...हो, जुन्या उंदीरमार औषधातलं. हातमोज्यांच्या आत पावडर म्हणून वापरलं गेलंय. ...नाही, मी डॉक्टर नाही. रसायनशास्त्राची आहे. ...बरोबर आहे तुमचं. ...कळलं. थांबा, फोन ठेवू नका.

भाची : काय म्हणतात?

मॅडम : तपासणी दुसऱ्या शहरात होते, तिला वेळ लागेल. औषध आज मागवलं तर उद्यापर्यंत येईल. पण नुसत्या माझ्या अंदाजावर वरचे लोक ते मागवू देणार नाहीत. अशी पूड हॉटेलात खरंच होती आणि तीच मोज्यांत घातली, असं हॉटेलमधलं कोणीतरी सांगायला हवं. मागवायलाच उद्या उजाडला तर तिच्यासाठी उशीर होईल म्हणतात.

भाची : आत्या सांगेल ना. तिनेच तर घातलीये. मुद्दाम थोडीच केलंय तिने! आत्या! आलीस? बरं झालं. अगं, शिडीचं काय झालंय ते मॅडमना कळलं.

आत्या : कळलं का? छान झालं. चहा यायचाय अजून, दूध तापतंय.

मॅडम : आत्या, तुमचे हात ओले आहेत.

आत्या : बायकांचे हात कधी कोरडे असतात का, मॅडम?

मॅडम : फिनेलचा वास येतोय.

आत्या : संडास धुणारी आली नाही आज. सगळं मलाच बघावं लागतं.

मॅडम : डॉक्टर फोनवर आहेत. त्यांना एवढंच सांगा, मोज्यांत घातलेली पावडर कोठीतल्या डब्यातली होती. तुमची चूक आहे असं कोणी म्हणत नाही. डब्यावर चित्र पावडरचंच होतं.

आत्या : कोणता डबा?

भाची : अगं, निळ्या झाकणाचा.

आत्या : निळ्या झाकणाचा डबा आपल्याकडे नाहीच. जाऊन बघा कोठीत. फळी रिकामी आहे.

भाची : आत्या...

आत्या : तू गप्प बस. मोठी माणसं बोलतायत.

मॅडम : डबा धुतलात तरी चालेल, आत्या. मला डबा नकोय. मला तुमचं एक वाक्य हवंय.

आत्या : वाक्य! आणि त्या वाक्यावर मग पोलीस येतील, तेव्हा तुम्ही असाल का इथे? तुम्ही उद्या दुसऱ्या हॉटेलात, दुसऱ्या पोरींच्या माना सरळ करत असाल. मला ह्या मागच्या खोलीशिवाय घर नाही. नवरा गेला तेव्हापासून इथे राबतेय. ह्या सगळ्या पोरी मी आणल्यात, एकेकीच्या आईला शब्द देऊन. एकीला ओरखडा येऊ दिला नाही. आणि आता जगभर सांगू की मी माझ्या हातांनी त्यांना...

मॅडम : सांगू नका जगाला. त्या एका डॉक्टरांना सांगा.

आत्या : काय सांगू? साधी पावडर होती. मी स्वतः चमच्याने घातली, मला नाही काही झालं ते!

मॅडम : तुमची बोटं बधिर होत नाहीत?

आत्या : वयाने होतात.

मॅडम : हो डॉक्टर, आहे मी. एक मिनिट. ...काय? कधीपासून? ...बरं.

भाची : काय झालं?

मॅडम : शिडीला नळी लावायला घेतायत. श्वासासाठी.

भाची : आत्या, ऐकलंस?

आत्या : ऐकलं. वाईट वाटतं मला. देव करो आणि...

भाची : साधी पावडर होती ना?

आत्या : हो म्हणाले ना.

भाची : मग मी तयार होते. गाड्या यायची वेळ झाली. तो ट्रे सरकव इकडे.

मॅडम : वेडी आहेस का? हात मागे घे!

भाची : तुम्ही थांबा मॅडम. आत्या म्हणते साधी आहे. मला ह्या बाईने वाढवलंय. आई बाजेवर असताना ही मला मांडीवर घेऊन बसायची. ती मला खोटं सांगेल का? आत्या, उजवा आधी घालू की डावा?

आत्या : नको त्यातला. मी दुसरा आणते, धुतलेला. थांब.

भाची : ह्याला काय झालंय?

आत्या : फाटलाय.

भाची : कुठे? मला तर धड दिसतोय. बोटं घालून बघते हं.

आत्या : ठेव तो! ठेव म्हणते ना!

भाची : का? तू सांग, मी ठेवते.

आत्या : काय सांगू बाई तुला? काही नाहीये त्यात. दे इकडे. दे. तुझा विश्वास नाही ना माझ्यावर? मी घालून दाखवते. हे बघ. बघा, मॅडम, तुम्हीही बघा. हा एक. आणि हा दुसरा. काही होतंय का मला? साधी पावडर. गार लागते उलट.

मॅडम : आत्या, काढा ते.

आत्या : नाही काढणार. संध्याकाळपर्यंत नाही काढणार. मी उभी राहते आज रांगेत, बघू दे मालकांना म्हातारी.

मॅडम : मी हात जोडते तुम्हाला.

आत्या : जोडू नका. मी खोटं बोलत नाही. मी कोणाचं वाईट केलं नाही, मॅडम. कोणाचंच नाही. शिडीला मी भाकरी करून पाठवत होते रोज.

भाची : मॅडम, फोन द्या.

मॅडम : तू?

भाची : हॉटेलमधलंच कोणीतरी हवंय ना. द्या. ...हॅलो, डॉक्टर? मी शिडीच्या खोलीतली. त्या मॅडम बोलल्या ते खरं आहे. उंदरांचं औषध होतं कोठीत, पांढरं, जुनं. पावडरच्या डब्यात भरलेलं. तेच मोज्यांत घालायचे. मी घातलेत ते मोजे, माझ्या नखांवर पण रेघा आहेत. ...डबा आता धुतलाय, पण मोजे आहेत, आत पूड आहे, ते घेऊन मी लगेच येते. ...कोणी घातली? माझ्या आत्याने. सख्ख्या. ...हो, लिहून घ्या. माझं नाव पण घ्या. तुम्ही औषध मागवा आधी. ...हो. आणि डॉक्टर, अजून एक बाई आहेत, त्यांच्यासाठी पण मागवा. आत्ताच घातलेत त्यांनी.

मॅडम : मागवतायत?

भाची : मागवतायत.

आत्या : काय केलंस गं हे?

भाची : काढ आता, आत्या. सांगितलंय मी.